पकड आणि सुटका : हृदयाचा स्नायू बळ कसे निर्माण करतो

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या वर्षी या शाळेची पहिली घंटा वाजली, त्या वर्षी जन्मलेल्या माणसाचे हृदय आजवर किती वेळा धडधडले असेल? मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक, वर्षाला पावणेचार कोटींच्या वर आणि साठ वर्षांत सुमारे सव्वादोनशे कोटी. दर ठोक्याला सत्तर मिलिलिटरच्या आसपास रक्त बाहेर पडते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर आणि दिवसाला सुमारे सात हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या वसाहतींत येणारा पाण्याचा लहान टँकर पाच हजार लिटरचा असतो. त्याहून अधिक द्रव मुठीएवढा, तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा एक स्नायू रोज लोटतो.

मराठी भाषेने हृदयावर पुष्कळ कामे सोपवली आहेत. ते भरून येते, हेलावते, द्रवते, पिळवटून निघते. यांपैकी पिळवटणे शरीरशास्त्रालाही मान्य आहे. शरीरभर रक्त लोटणारा मोठा कप्पा म्हणजे डावी जवनिका. तिच्या भिंतीतील स्नायुतंतू सर्पिल मांडणीचे असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला तिचा वरचा आणि खालचा भाग परस्परविरुद्ध दिशांना किंचित वळतो. ओले धुणे पिळताना दोन हात वळतात, तसा. भाषेला हे शास्त्राच्या आधीच उमगले होते असे मात्र कोणी समजू नये. तो योगायोग आहे. प्रश्न वेगळाच आहे. धुणे पिळताना हात दिसतात. येथे पिळणारे हात कोणाचे?

ते शोधण्यासाठी बरेच खोल जावे लागते. हृदयात स्नायूंच्या दोन ते तीन अब्ज पेशी असतात. एक पेशी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी लांब. तिच्यात लांबच लांब तंतूंच्या जुड्या, आणि प्रत्येक तंतू म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सूक्ष्म खंडांची माळ. या खंडाला सार्कोमिअर म्हणतात. आपण त्याला स्नायुखंड म्हणू. त्याची लांबी दोन मायक्रोमीटरच्या जवळपास, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे पाचशे खंड ओळीने मावतील. हृदय आकसते म्हणजे हे सारे खंड थोडेथोडे आखूड होतात.

ते आखूड होतात कसे, या प्रश्नाचे उत्तर १९५४ पर्यंत चुकीचे दिले जात होते. प्रथिनांच्या लांब साखळ्या घड्या पडून आटतात, असा सर्वसाधारण समज होता, आणि तो तर्काला धरूनही होता. या समजाला धक्का देणाऱ्यांपैकी एक होत्या जीन हॅन्सन. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील या प्राणिशास्त्रज्ञ १९५३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गेल्या. तेथे त्यांना ह्यू हक्सली भेटले. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात रमलेले. हॅन्सन यांचा हात प्रकाशीय सूक्ष्मदर्शकावर बसलेला होता. सशाच्या स्नायूतील सुटे तंतू घेऊन दोघांनी ते आकसताना पाहिले. स्नायुतंतूवर एकाआड एक गडद आणि फिकट पट्टे असतात. तंतू आखूड झाला तेव्हा फिकट पट्टे अरुंद झाले. गडद पट्ट्यांची रुंदी तशीच राहिली. साखळ्या आटत असत्या, तर असे झाले नसते.

दोघांनी काढलेला निष्कर्ष साधा होता. स्नायुखंडात जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे धागे आहेत आणि ते परस्परांत सरकतात. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरून एकमेकांत सरकवली तर बोटांची लांबी बदलत नाही, पण हात जवळ येतात. त्याच सुमारास इंग्लंडमधील केंब्रिज येथे अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांनी बेडकाच्या जिवंत स्नायूवर स्वतंत्रपणे काम करून तेच पाहिले होते. दोन्ही शोधनिबंध मे १९५४ मध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात प्रसिद्ध झाले. दोन हक्सलींचे आडनाव एक असले तरी नाते नव्हते. पाठ्यपुस्तकांत हक्सली हे नाव ठळकपणे टिकले. त्या दोन हक्सलींच्या गर्दीत हॅन्सन यांचे नाव मात्र पुष्कळदा गळून जाते. १९७३ साली त्यांचे निधन झाले. या शाळेतील मुलींनी तरी हे नाव लक्षात ठेवावे.

ससा आणि बेडूक यांच्या हातापायांच्या स्नायूंत जी मांडणी दिसली, तीच थोड्या फरकाने हृदयातही आहे. बारीक धागा ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा. जाड धागा मायोसिनचा. मायोसिनला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८६४ सालीच दिले होते. ते नेमके काय करते हे कळायला पुढे जवळजवळ शतक लागले. एका जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे तीनशे रेणू, आणि प्रत्येक रेणूला बाहेर झुकलेली दोन डोकी. हे डोके शेजारचा ॲक्टिनचा धागा पकडते, मान वळवल्यासारखे वळते, त्यासरशी धागा खंडाच्या मध्याकडे ओढला जातो, आणि मग डोके धागा सोडून देते. ऊर्जा खर्चून हालचाल घडवणाऱ्या अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ 'मोटर प्रथिने' म्हणतात. पिळणारे हात ते हेच.

एका डोक्याचा ओढा किती, हे मोजण्याचे धाडस तोवर कोणी केले नव्हते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स स्पुडिच आणि मायकेल शीट्झ यांनी १९८३ साली गोड्या पाण्यातील एका शेवाळाची लांब पेशी चिरून आतील ॲक्टिनचे धागे उघडे केले आणि मायोसिन चिकटवलेले बारीक मणी त्यांवर सोडले. मणी चालू लागले. पुढे १९९४ साली स्पुडिच यांच्याच प्रयोगशाळेत प्रकाशकिरणांच्या चिमट्यात धागा धरून एकेका मायोसिन रेणूचा ओढा मोजला गेला. हिसका सुमारे दहा नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतका. बळ तीन ते चार पिकोन्यूटन. एक किलोचे वजन नुसते तोलून धरायचे म्हटले, तर चार पिकोन्यूटनच्या हिशेबाने सुमारे अडीच लाख कोटी डोकी एकाच क्षणी धागा पकडून असायला हवीत. आणि तीही शेजारीशेजारी. एकापुढे एक जोडलेल्या खंडांनी बळ वाढत नाही, अंतर वाढते; शेजारीशेजारी असलेल्या धाग्यांनी बळ वाढते. हृदयाच्या भिंतीत दोन्ही व्यवस्था आहेत.

आता खरा प्रश्न येतो. इतक्या डोक्यांनी मिळून काम करायचे म्हणजे कसे?

मिळून काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रजासत्ताकदिनाची कवायत उभी राहते. शिट्टी वाजली की चारशे हात एकदम वर, दुसरी शिट्टी झाली की एकदम खाली. मायोसिनच्या डोक्यांनी असे केले, तर हृदय चालणार नाही. सगळ्यांनी एकदम पकडले, एकदम ओढले आणि एकदम सोडले, तर सोडल्याच्या क्षणी ताणलेला धागा मागे निसटेल आणि केलेले काम वाया जाईल. येथे विहिरीवरचे दृश्य अधिक उपयोगी पडते. पोहरा शेंदताना एक हात दोर धरून असतो, तेव्हा दुसरा सुटून पुढची पकड घेतो. दोर हातांत कधीच मोकळा राहत नाही, आणि कोणताही हात कायमचा चिकटून बसत नाही. मायोसिनची शेकडो डोकी असेच शेंदत असतात. फक्त त्यांच्यात पाळी ठरलेली नसते. कोणी आता पकडते, कोणी नंतर. कोणी सोडते आहे तेव्हा कोणी ओढते आहे. एकूण डोक्यांपैकी कोणत्याही क्षणी धाग्याला पकडून असलेली डोकी थोडीच असतात. हृदय भरात आकसत असतानाही ती अल्पसंख्यच असतात.

कवायतीसारखी शिस्त हृदयात नाही असे नव्हे. एका विद्युत्‌संदेशाने अब्जावधी पेशी जवळजवळ एकदम जाग्या होतात. पेशीच्या आत, धाग्यापाशी मात्र एकसाथपणा संपतो.

यातील सर्वांत चकित करणारी गोष्ट ऊर्जेच्या हिशेबात दडलेली आहे. पेशीचे इंधन म्हणजे एटीपी हा रेणू. सामान्य समजूत अशी की इंधन ओढण्यासाठी लागते. पण एटीपीचा रेणू मायोसिनच्या डोक्याला येऊन चिकटतो, तेव्हा पहिली गोष्ट घडते ती ही की डोक्याची धाग्यावरची पकड सुटते. त्यानंतर एटीपी फुटतो आणि त्या ऊर्जेने डोके धनुष्य ताणून ठेवावे तसे पुढच्या हिसक्यासाठी सज्ज होते. मग पुन्हा धागा पकडते, वळते, आणि नवा एटीपी येईपर्यंत तसेच चिकटून राहते. एटीपी आलाच नाही तर? ज्यांनी घरातील मृत्यू जवळून पाहिला आहे, त्यांनी याचे उत्तरही पाहिले आहे. मृत्यूनंतर काही तासांत देह ताठ होतो. पेशींतील एटीपी संपलेला असतो, डोक्यांनी धागे पकडलेले असतात आणि सुटण्यासाठी लागणारे काही उरलेले नसते. पुढे प्रथिनांचे विघटन सुरू झाले की मग तो ताठरपणा ओसरतो.

हृदयाकडे एटीपीचा साठा केवळ थोड्या ठोक्यांपुरता असतो. म्हणून तो सतत बनवावा लागतो, आणि तो बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांनी हृदयपेशीची सुमारे एकतृतीयांश जागा व्यापलेली असते.

डोकी धागा पकडण्यास केव्हाही तयार असतात, पण त्यांना तसे करू दिले जात नाही. ॲक्टिनच्या धाग्यावर ट्रोपोमायोसिन नावाचे दोरीसारखे प्रथिन पसरलेले असते आणि ते पकडीच्या जागा झाकून ठेवते. ठोक्याचा संदेश आला की पेशीत कॅल्शियम पसरते, ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला बिलगते, आणि दोरी बाजूला सरकते. तीही पूर्ण सरकत नाही. जे पहिले डोके धागा पकडते, तेच तिला आणखी ढकलते आणि शेजारच्यांसाठी जागा मोकळी करते. गर्दीच्या बसमध्ये दारातला माणूस आत सरकला की मागच्या चौघांना पाय ठेवता येतो, त्यासारखेच. मोजकेच कॅल्शियम असूनही हृदय इतक्या जोमाने का आकसते, याचे एक कारण यात आहे.

आणि सगळीच डोकी कामावर नसतात. विसावलेल्या हृदयात मायोसिनची बरीच डोकी धाग्याच्या अंगाला मागे दुमडून, अत्यल्प ऊर्जा खर्चत पडून राहतात. या अवस्थेचा उलगडा २०१० नंतर होऊ लागला. धाग्यावर ताण वाढला की हे राखीव गडी उठतात; ओझे जितके अधिक, तितकी अधिक डोकी कामाला लागतात. ज्या डोक्यावर भार पडतो, ते धागाही अंमळ उशिरा सोडते. वर्गात कठीण गणित आले की जो विद्यार्थी वही मिटत नाही, त्याच्यासारखे. जिना चढताना हृदयाचा जोर वाढतो, तो या सर्व गोष्टी मिळून. कोणी वरून हुकूम सोडत नाही. ओझे स्वतःच किती जणांची गरज आहे ते धाग्याला कळवते.

येथे थोडे विषयांतर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रूप मल्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली पेशीतील ओझी वाहणाऱ्या दोन मोटर प्रथिनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायनेसिन एकट्याने बलवान. डायनिन एकट्याने दुबळे. पण ओझे संघाने वाहण्याची वेळ आली, तेव्हा डायनिन सरस ठरले. भार वाढला की पुढचे डायनिन पावले आखूड टाकते, त्यामुळे मागचे त्याला गाठतात आणि भार वाटला जातो. कायनेसिनला हे जमत नाही. हृदयातील मायोसिन या दोघांहून वेगळे. पण त्याचीही गणना एकट्याने बलवान असणाऱ्यांत होत नाही.

सोडण्याचे महत्त्व हृदयाच्या पातळीवरही दिसते. विश्रांतीच्या वेळी एक ठोका सुमारे ०.८ सेकंदाचा असतो. त्यातील साधारण ०.३ सेकंद जवनिका आकसलेली असते आणि ०.५ सेकंद ती सैल होऊन भरत असते. डाव्या जवनिकेच्या भिंतीला स्वतःला लागणारे रक्तही मुख्यतः ती सैल असतानाच मिळते, कारण आकसलेल्या भिंतीत रक्तवाहिन्या दाबल्या जातात. हृदय कधीच विसावा घेत नाही, असे भाषणांतून आणि गौरवग्रंथांतून नेहमी म्हटले जाते. ते खरे नाही. ते दर सेकंदाला विसावते, आणि त्या विसाव्यातच जेवते.

डोकी नीट सुटली नाहीत किंवा फार जणांनी उठून धागा पकडला, तर काय होते, हे पालकांनी विशेष लक्ष देऊन ऐकावे. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लिआँ येथे कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो सामना चालू असताना मैदानावर कोसळला आणि मरण पावला. त्याला हृदयस्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, असल्याचे शवविच्छेदनात आढळले. हा विकार दुर्मीळ नाही. साधारण पाचशे माणसांत एकाला तो असतो असे मानले जाते. १९९० साली त्याचे पहिले आनुवंशिक कारण सापडले. मायोसिनच्या १,९३५ अमिनो आम्लांच्या साखळीत ४०३व्या जागी एकाऐवजी दुसरे अमिनो आम्ल आलेले होते. पुढे असे अनेक बदल सापडले. त्यांतील पुष्कळांत एक गोष्ट समान दिसते : जी डोकी दुमडून राखीव राहायला हवीत, ती कामावर उतरतात. हृदय दुबळे होत नाही. ते गरजेहून अधिक जोर लावते, नीट सैल होत नाही, आणि भिंत जाड होत जाते.

म्हणूनच एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मॅव्हाकॅम्टेन हे औषध मायोसिनची डोकी कमी कामावर आणते. हृदयाचा जोर कमी करून रुग्णाला आराम देणारे औषध, हे ऐकायलाही विचित्र वाटते. त्याचा अतिरेक झाला तर हृदय खरोखरच दुबळे पडते, म्हणून ते घेणाऱ्यांची वारंवार तपासणी करावी लागते. उलट्या बाजूचे, थकलेल्या हृदयात अधिक डोकी कामाला लावणारे ओमेकॅम्टिव्ह मेकार्बिल हे औषध आठ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासले गेले. लाभ माफक निघाला आणि २०२३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली नाही.

या कथेचा एक धागा आपल्याच हैदराबादेत आहे. उप्पल रस्त्यावरील सीसीएमबी ही संस्था इथल्या अनेकांनी येता-जाता पाहिली असेल. तेथील कुमारसामी तंगराज आणि देश-विदेशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवून दिले की मायोसिनच्या डोक्यांना आवर घालणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो. आकडा छातीत धस्स करणारा आहे. पण यांतील बहुतेकांना तारुण्यात काहीच त्रास नसतो, आणि सर्वांना सारखाच धोका नसतो, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले आहे. घाबरून सरसकट जनुकीय चाचण्या करून घेण्याचे काही कारण नाही.

करण्याजोगे वेगळे आहे. मूल धावता धावता किंवा खेळाच्या ऐन भरात बेशुद्ध पडले, तर 'ऊन लागले', 'सकाळी काही खाल्ले नाही' असे म्हणून आपण पाणी पाजतो आणि विषय संपवतो. प्रार्थनेला उभे असताना येणारी भोवळ बहुधा निरुपद्रवी असते. ऐन श्रमात हरपलेली शुद्ध तशी समजू नये. कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे. कित्येक घरांत अशी आठवण 'नजर लागली' म्हणून झाकून ठेवलेली असते. एकाला हा विकार असल्याचे निष्पन्न झाले, तर आईवडील, भावंडे आणि मुले या सर्वांचा ईसीजी आणि टू-डी इको काढतात.

इकोचा अहवाल आज सभागृहातील पुष्कळांच्या घरी फायलीत असेल. त्यावर जवनिका किती रक्त बाहेर लोटते, त्याची टक्केवारी असते, आणि सगळ्यांचे लक्ष तिच्यावरच जाते. तिच्या खाली आणखी एक ओळ असते. पन्नाशी उलटलेल्या अनेकांच्या अहवालात तेथे 'डायस्टोलिक डिसफंक्शन, ग्रेड वन' असे लिहिलेले असते. ती ओळ आकसण्याबद्दल काही सांगत नाही. जवनिका किती लवकर आणि किती सहज सैल होते, याची ती नोंद असते.